बॅकअपची डिस्क मी फक्त बघायला लावली होती

मंडळाची वार्षिक सभा रविवारी होती. त्याआधीच्या मंगळवारी सकाळी कार्यालयातल्या काकांचा फोन आला. “ताई, सभासदांची यादी उघडत नाहीये. प्रत्येक फाइलच्या नावामागे कसलं तरी शेपूट लागलंय.” आमचं कार्यालय इंदूरला रामबागेत, घरापासून दहा मिनिटांवर. सपोर्टच्या नोकरीत मला तेव्हा दीड वर्ष झालं होतं आणि मंडळाचा संगणक मी घरचं काम म्हणून सांभाळायची. आता अशा घटना हाताळणं हाच माझा व्यवसाय आहे. तरी तो मंगळवार आठवला की अजून पोटात गोळा येतो.

हा रॅन्समवेअरचा हल्ला होता, म्हणजे फाइली कुलूपबंद करून त्या उघडायला खंडणी मागणारा प्रोग्रॅम. या क्षेत्रात नव्यानं येणाऱ्यांना एवढं ठाऊक असतं, पण पहिल्या अर्ध्या तासात काय होतं ते सांगते.

सुरुवात मी बरोबर केली. नेटवर्कची तार काढली, वायफाय बंद केलं, पडद्यावरच्या खंडणीच्या चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो घेतला. संगणक बंद केला नाही, कारण मेमरीतला पुरावा वीज गेली की जातो. नेटवर्क तोडणं शक्यच नसेल, तेव्हाच मशीन बंद करायचं.

मग अध्यक्ष आले. टेबलाभोवती पाच जण उभे. “बॅकअप आहे ना? बघून सांग बरं पटकन.” कपाटात एक टेराबाइटची डिस्क होती, आमची एकुलती एक. मी ती काढली आणि त्याच संगणकाला लावली. बघायला, फक्त बघायला.

डिस्कवरचा छोटा निळा दिवा लुकलुकायला लागला. मी काहीही कॉपी करत नव्हते, फोल्डरसुद्धा उघडला नव्हता, तरी दिवा थांबेना. हे लक्षात यायला मला तीन-चार मिनिटं लागली. केबल उपटली तोवर हिशेबाचे आणि पावत्यांचे फोल्डर गेले होते. एकच फोल्डर वाचला, ज्याचं नाव काकांनी देवनागरीत ‘सभासद’ असं ठेवलं होतं. रोमन नावं क्रमानं आधी येतात, देवनागरी शेवटी, म्हणून तिथवर तो प्रोग्रॅम पोचला नव्हता. त्यातली यादीही २०१९ची.

हे असं का झालं, ते सविस्तर सांगते, कारण हुशार माणसंही इथेच फसतात. पडद्यावर चिठ्ठी दिसली की आपल्याला वाटतं, हल्ला होऊन गेला, आता नुकसान मोजायचं. तसं नसतं. तो प्रोग्रॅम मेमरीत जिवंत असू शकतो आणि नवीन ड्राइव्ह दिसला की त्यावरही तेच काम सुरू करतो. तार काढल्यानं तो बाहेर पसरायचा थांबतो, त्या मशीनवर मरत नाही. म्हणजे तुम्ही डिस्क लावता, तेव्हा स्वतःच्या हातानं त्याला पुढचा घास देता. पेन ड्राइव्हचं तेच, केबलनं जोडलेल्या मोबाइलचं तेच. बॅकअप तपासायचा तर वेगळा, स्वच्छ संगणक घ्या, जो त्या नेटवर्कवर कधी नव्हता. पेन ड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली) सुरू करा, डिस्क फक्त वाचता येईल अशीच जोडा, आणि आधी तिची पूर्ण प्रत काढा. एवढं जमत नसेल तर डिस्क कपाटातच राहू द्या. अध्यक्ष चिडले तर चिडू द्या.

हात थरथरतात, मान्य आहे. माझेही थरथरत होते. अशा वेळी सरळ म्हणा, “मला दहा मिनिटं एकटीला बसू द्या.” कुणी नाही म्हणत नाही.

दुपारी सिल्व्हर मॉलमधल्या एका ओळखीच्या दुकानदाराला बोलावलं. तो म्हणाला, “फॉर्मॅट मार दो, घंटेभर में चालू.” तेव्हा मात्र मी ठाम राहिले. लॉक झालेल्या फाइलीही जपून ठेवायच्या असतात. २०१६ पासून डच पोलीस, युरोपोल (युरोपची पोलीस संस्था) आणि काही सुरक्षा कंपन्यांनी मिळून चालवलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या वेबसाइटवर रॅन्समवेअरच्या कित्येक जातींच्या चाव्या, म्हणजे लॉक झालेल्या फाइली उघडायची साधनं, फुकट मिळतात. लॉकबिट या रॅन्समवेअर टोळीवरच्या २०२४च्या कारवाईनंतर सात हजारांहून अधिक चाव्या हाती आल्याचं एफबीआयनं जाहीर केलं. आज नसलेली चावी दोन वर्षांनी येऊ शकते. “डेटा शंभर टक्के परत” म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. अमेरिकेत २०१९मध्ये अशा दोन कंपन्या उघड्या पडल्या, त्या गिऱ्हाइकाला न सांगता हल्लेखोरालाच पैसे भरत होत्या. आम्ही पैसे भरले नाहीत. भरले असते तरी, हल्लेखोरांनी फाइलींची प्रत आधीच चोरली असेल, तर ती त्यांच्याकडे राहिलीच असती.

माझं एक ठाम मत आहे. आजकाल शिकवणीत पहिल्याच आठवड्यात काली लिनक्स (हल्ल्याची अवजारं भरलेलं लिनक्स) हातात देतात आणि मुलं हल्ला करायला शिकतात. बॅकअपवरून मशीन परत उभं करायला कुणी बसवून घेत नाही. तुमचा शिकवणारा ते करून घेत नसेल, तर घरच्या जुन्या लॅपटॉपवर स्वतः करा, घड्याळ लावून.

शिरकाव कुठून झाला? हिशेबनीसांना घरून टॅली बघता यावी म्हणून रिमोट डेस्कटॉपचं (लांबून संगणक चालवायच्या सोयीचं) ३३८९ पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, थेट इंटरनेटवर उघडं होतं. पासवर्ड मंडळाचं नाव आणि स्थापनेचं वर्ष. विंडोजच्या सुरक्षा लॉगचा, म्हणजे कोण कधी आत आलं याच्या नोंदवहीचा, आकार ठरलेला असतो. हजारो फसलेल्या लॉगिननी तो भरून गेला होता आणि जुन्या नोंदी पुसल्या गेल्या होत्या. म्हणून लॉग आधी बाहेर काढा, आणि हे दार बंद केल्याशिवाय काहीही परत चढवू नका.

सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या आदेशात घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं आहे. आपलं मंडळ त्यात बसतं की नाही यावर कार्यकारिणीत खल करू नका, कळवून टाका. १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवा.

बुधवारपासून काका आणि मी पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती काढून बसलो. तीन दिवसांत मतदानापुरती यादी उभी राहिली.

सगळ्यात अवघड होतं सभासदांना सांगणं. “बदनामी होईल” म्हणून दोघातिघांचा विरोध होता. सभागृहाच्या आरक्षणासाठी घेतलेल्या आधारच्या प्रती त्या संगणकात होत्या, लोकांना कळायलाच हवं होतं. शेवटी अध्यक्ष म्हणाले, “तूच सांग.” रविवारी मी उभी राहिले आणि काय गेलं, काय वाचलं, डिस्क कुणी लावली, सगळं सांगितलं. कुणी ओरडलं नाही. दुसऱ्या रांगेतल्या एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, “ते झालं बाळा. आता माझ्या आधारचं मी काय करू?”

सभा संपल्यावर दोन टेबलं लावली आणि संध्याकाळी सातपर्यंत एकेकाच्या मोबाइलवर आधारचं बायोमेट्रिक लॉक करून दिलं. आजींचा नंबर पहिला होता.