सायलेन्सरच्या आधीचे पाइप : ओळख, तपासणी आणि निगा

गाडीचा आवाज फाटका येऊ लागला की आपल्याकडे लगेच 'सायलेन्सर गेला' असे म्हटले जाते आणि गॅरेजात मागचा डबा बदलला जातो. माझ्या पेट्रोल गाडीच्या बाबतीत हेच झाले. बेळगाव ते जांबोटी अशी नेहमीची ये-जा असलेल्या त्या गाडीचा डबा एका गॅरेजात बदलून घेतला, चार दिवस आवाज कमी वाटला आणि मग पहिल्यासारखाच येऊ लागला. शेवटी उद्यमबागेतल्या एका जुन्या फिटरने गाडी खड्ड्यावर घेऊन टॉर्चचा उजेड इंजिनाखालच्या जोडावर टाकला, तेव्हा दोन फ्लँजांच्या (पाइपांची टोके बोल्टने जोडणाऱ्या चपट्या कड्यांच्या) फटीतून बाहेर पसरलेला, काजळाचे बोट ओढावे तसा काळा पट्टा दिसला. फ्लँजांमधली फट बंद करणारी आतली पॅकिंग जळून गेली होती आणि तिची किंमत नव्या डब्याच्या पासंगालाही पुरणारी नव्हती. तेव्हापासून मी डब्याकडे नंतर आणि जोडांकडे आधी पाहतो, आणि गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाने तसेच करावे असे मला मनापासून वाटते.

धुराचा मार्ग पुढून मागे समजून घ्यावा. सिलिंडरांतून निघणारा जळका वायू आधी मॅनिफोल्डमध्ये एकत्र येतो आणि तेथून खाली उतरणाऱ्या पुढच्या पाइपात शिरतो. याच भागात धुरातला प्राणवायू मोजणारा ऑक्सिजन सेन्सर आणि धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतात. कन्व्हर्टर सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याखेरीज नीट काम करत नाही, म्हणून अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत तो मॅनिफोल्डला अगदी लागून बसवलेला दिसतो. त्यानंतर जाळीचा लवचिक पाइप, मग गाडीच्या पोटाखालून जाणारा लांब मधला पाइप, काही गाड्यांत त्यावरच रेझोनेटर नावाचा लहान डबा, आणि शेवटी मुख्य सायलेन्सर व त्याची नळी. हे सर्व फ्लँज, पॅकिंग, नट-बोल्ट आणि क्लॅम्प यांनी एकमेकांना जोडलेले आणि रबरांवर टांगलेले असते.

यांत सर्वांत जास्त सोसतो तो जाळीचा पाइप. इंजिन रबरी माउंटिंगवर बसवलेले असल्याने गिअर टाकताना आणि ॲक्सिलरेटर दाबताना ते पुढे-मागे डोलते. मागचा पाइप मात्र बॉडीला टांगलेला असतो. या दोघांमधली ओढाताण जाळीचा पाइप आपल्या अंगावर घेतो. त्याच्या आत पातळ पत्र्याची, भात्यासारख्या घड्यांची नळी असते आणि बाहेर तारेची विणलेली जाळी असते. बाहेरची जाळी शाबूत दिसली तरी आतला भाता चिरलेला असू शकतो, म्हणून नुसत्या नजरेवर विसंबू नये. जाळीचे धागे एका बाजूला फुगलेले किंवा काळवंडलेले असतील तर आतून गळती सुरू झाली आहे असे समजावे. हा पाइप अवेळी गेला तर नवा टाकण्यापूर्वी इंजिनाचे माउंटिंग तपासून घ्यावे, कारण माउंटिंग खचलेले असेल तर नवा पाइपही त्याच वाटेने जातो.

गळतीने केवळ आवाज वाढत नाही. चार सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असताना पाइपात दर सेकंदाला धुराचे १०० ठोके येतात आणि दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी दाब उतरतो. सेन्सरच्या आधी फट असेल तर त्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला जास्त प्राणवायू दिसतो, पेट्रोल कमी पडत आहे अशा समजुतीने इंजिनाचा संगणक पेट्रोल वाढवतो, आणि ॲव्हरेज घटले म्हणून आपण फिल्टर आणि प्लग बदलत बसतो. याहून गंभीर गोष्ट कार्बन मोनॉक्साइडची आहे. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक घट्टपणे जखडतो. गळती पोटाखाली असेल आणि तळाच्या पत्र्याचे एखादे रबरी बूच निघालेले असेल, तर तो आत येऊ शकतो. गाडीत बसल्यावर डोके जड होत असेल तर काचा उघडाव्यात आणि गाडी त्याच दिवशी दाखवावी.

पाइप गंजतो तो आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून. एक लिटर पेट्रोल जळल्यावर साधारण तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. टिळकवाडीहून खडेबाजार आणि परत, एवढीच गाडी फिरत असेल तर मागचा पाइप पुरेसा तापत नाही, वाफ आतच थिजते आणि डब्याच्या तळाशी साचते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी गाडी निपाणीच्या किंवा खानापूरच्या रस्त्याला अर्धा तास सलग चालवून आणणे हितकारक असते. अनेक डब्यांच्या तळाला पाणी झरण्यासाठी बारीक भोक ठेवलेले असते. ते गळतीचे समजून वेल्डिंगने बुजवू नये. बाहेरच्या गंजाचे कारण बेळगावच्या पश्चिमेकडच्या लोकांना वेगळे सांगायला नको. खानापूर, जांबोटी, चोर्ला या पट्ट्यातील तांबडी माती पावसाळ्यात पाइपाच्या वरच्या अंगाला आणि उष्णतारोधक पत्र्याच्या मागे जाऊन बसते, आणि पाऊस थांबल्यावरही ओल धरून ठेवते. सर्व्हिसिंगला गाडी दिली की वरून चकचकीत होऊन येते, पण ही माती तशीच राहते. ती काढण्यास वेगळे सांगावे लागते आणि गाडी पूर्ण गार झाल्यावरच त्या भागावर पाणी मारू द्यावे.

तपासणी वर्षातून दोनदा पुरे : मृग लागण्यापूर्वी एकदा आणि खंडेनवमीला गाडी धुताना एकदा. गाडी किमान दोन तास बंद असावी. खाली शिरायचे असेल तर केवळ जॅकच्या भरवशावर कधीही शिरू नये. सिमेंटच्या पक्क्या जमिनीवर मजबूत स्टँड लावावेत, नाहीतर सरळ गॅरेजचा खड्डा वापरावा. प्रथम टॉर्च घेऊन प्रत्येक जोडाभोवती काजळी दिसते का ते पाहावे, कारण काजळी कधी खोटे सांगत नाही. मग मागची नळी हाताने धरून हलवावी. ती थोडी झुलली पाहिजे, पण कोठे आपटता कामा नये. टांगणीची रबरे चिरलेली किंवा लांबलेली असतील तर ती लगेच बदलावीत, कारण एक रबर तुटले की त्याचा भार पुढच्या जोडावर जातो आणि गावातल्या उंच गतिरोधकावर पाइप घासला की तोच जोड आधी उघडतो. नवे रबर बसत नसेल तर साबणाचे पाणी लावावे. ऑइल किंवा ग्रीस लावल्यास रबर फुगते.

त्यानंतर आवाजाची परीक्षा. सकाळी गार गाडी मोकळ्या जागेत चालू करावी, दुसऱ्या माणसाने जाड फडके मागच्या नळीवर दोन-तीन सेकंद दाबून धरावे आणि आपण बाजूला उभे राहून कान द्यावा. जोड पक्के असतील तर आवाज दबतो आणि इंजिन अडखळू लागते. फट असेल तर त्या ठिकाणाहून 'फुस्स' असा आवाज स्पष्ट येतो. गार असताना 'टिक्-टिक्' वाजून तापल्यावर थांबणारा आवाज बहुधा मॅनिफोल्डच्या पॅकिंगचा किंवा चिरेचा असतो, कारण धातू तापून फुगला की फट मिटते.

दुरुस्तीत पॅकिंग नेहमी नवीनच घालावी. एकदा दाबली गेलेली पॅकिंग पुन्हा बसत नाही. गंजलेल्या नटांवर गंज सोडवणारे तेल आदल्या रात्री मारून ठेवले तर बोल्ट तुटत नाहीत. काही जोडांत स्प्रिंग लावलेले बोल्ट आणि कड्यासारखी गोल पॅकिंग असते. तेथे स्प्रिंग पूर्ण दाबून टाकू नये, कारण तो जोड थोडा हलावा अशीच त्याची रचना असते. पाइपाचा तुकडा घालायचा असेल तर पाण्याचा जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप वापरू नये, कारण वेल्डिंग करताना आणि पुढे तापताना त्यावरचा जस्ताचा थर जळून विषारी धूर निघतो. पुष्कळ कंपन्यांचे मूळ पाइप सुमारे ११ टक्के क्रोमियम असलेल्या ४०९ प्रकारच्या स्टेनलेस स्टीलचे असतात. त्याला चुंबक चिकटतो, त्यामुळे 'चुंबक चिकटला म्हणजे साधे लोखंड' हा निष्कर्ष येथे चुकीचा ठरतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची ऋण वायर काढून ठेवायला मिस्त्रीला स्वतः सांगावे.

कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ धुरासाठी आणि नियम १२० सायलेन्सरसाठी आहे, आणि पाटी बेळगावच्या केए-२२ ची असो वा कोल्हापूरच्या एमएच-०९ ची, नियम तेच लागू होतात.

ऊसतोडीच्या दिवसांत आणखी एक काळजी घ्यावी. हायवेवरून आलेली गाडी शेतात पाचटावर उभी करू नये. पोटाखालचा कन्व्हर्टर तेव्हा वाळलेले पाचट पेटवण्याइतका तापलेला असतो. बीएस-सहा या प्रदूषण मानकाच्या डिझेल गाड्यांतील, धुरातली काजळी अडवणारा फिल्टर स्वतःला जाळून साफ करत असताना तर त्याचे तापमान ६०० अंशांच्या आसपास पोहोचते.

नवीन जोड बसवल्यावर काम तेथेच संपत नाही. दोन-तीनदा तापून गार झाल्यावर पॅकिंग आणखी थोडी बसते, म्हणून आठवड्याभराने गार गाडीवर नट पुन्हा एकदा पान्याने पाहून घ्यावेत आणि जोडाभोवती नवी काजळी धरली आहे का, हे पांढऱ्या फडक्याने पुसून पाहावे.