स्लालम स्की कशी निवडायची आणि कशी जुळवायची

दोन स्कींवर नीट उभं राहता आलं, एक स्की सोडून चार-दोन वेळा बोटीमागची लाट ओलांडता आली, की एका स्कीचे, म्हणजे बोटीमागे पाण्यावर दोन्ही पाय एकाच फळीवर ठेवून चालवायच्या स्लालम स्कीचे वेध लागतात. मग खरेदी सुरू होते आणि तिथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. आज आपण जसे स्कीइंग करतो त्यासाठी सामान घ्यायचं सोडून, दोन वर्षांनी जसं करू असं वाटतं त्यासाठी घेतलं जातं. स्पर्धकाची अरुंद, ताठ स्की कमी वेगात बुडते, जड वाटते, आणि शिकणारा दोष स्वतःला देत बसतो.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहा: तुमचं वजन, तुम्ही खरोखर ज्या वेगाने जाता तो वेग, आणि पुढे कोणता पाय राहतो. वजन लिहिताना लाजू नका, पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

पुढचा पाय ठरवा

डोळे मिटून उभे राहा आणि कोणाला तरी मागून हलकेच ढकलायला सांगा. तोल सावरताना जो पाय आपोआप पुढे पडतो तो बहुधा पुढचा. पण खरी परीक्षा पाण्यातच. दोन स्कींवर जाताना एक पाय किंचित उचलून धरा, मग दुसरा. ज्या पायावर जास्त निवांत उभं राहता येतं तो पुढे ठेवा. उजवा-डावा याने स्कीला काही फरक पडत नाही, बाइंडिंगला, म्हणजे स्कीवर पाय बसवायच्या बुटाला किंवा पट्ट्याला पडतो.

स्कीची लांबी आणि रुंदी

स्लालम स्की इंचांत मोजतात. बहुतेक प्रौढांच्या स्की 65 ते 69 इंचांच्या असतात. ताशी 50 ते 55 किलोमीटर वेग धरला तर साधारण 65-70 किलो वजनाला 66 इंच, 75-85 किलोला 67, त्यापुढे 68 किंवा 69 असा अंदाज बांधता येतो. प्रत्येक कंपनीचा तक्ता थोडा वेगळा असतो, त्यामुळे अंतिम शब्द त्या तक्त्याचा. तुमचा वेग 45 च्या खाली असेल तर एक माप मोठं घ्या. दोन मापांच्या सीमेवर असाल तरीही मोठंच.

पण लांबीपेक्षा रुंदी जास्त महत्त्वाची, असं माझं मत आहे. पुढे आणि पायाखाली रुंद असलेली स्की पाण्यावर लवकर वर येते, कमी वेगात तरंगत राहते आणि दोरीचा ओढा हलका करते. शिकणाऱ्याने आणि ताशी 50 च्या आत राहणाऱ्याने रुंद अंगाचीच घ्यावी.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे तळाची वक्रता. स्की सपाट जागेवर ठेवली तर टोक आणि शेपटी किती उचललेली दिसते ती. 1922 मध्ये मिनेसोटातल्या लेक पेपिनवर राल्फ सॅम्युएलसनने पाण्यावरच्या पहिल्या स्की केल्या, तेव्हा त्यानेही फळ्यांची टोकं उकळत्या पाण्यात मऊ करून वाकवली होती. वक्रता जास्त असेल तर स्की पटकन वळते पण पाण्याला घासत हळू चालते. कमी असेल तर सुसाट जाते, वळायला मात्र कुरकुरते. नवख्याला मधली बरी.

जुनी स्की घेत असाल तर कडांवर बोट फिरवा. चिरा, फुगवटे आणि बाइंडिंगच्या स्क्रूभोवतीच्या भेगा दिसल्या तर कितीही स्वस्त मिळत असली तरी ठेवून द्या.

बाइंडिंग

पुढे बूट आणि मागे फक्त पंजा सरकवायचा पट्टा, किंवा दोन्हीकडे बूट, असे दोन मुख्य प्रकार. मागच्या पट्ट्यामुळे पाण्यातून उठताना मोकळा पाय खाली सोडून तोल धरता येतो, म्हणून सुरुवातीला तोच घ्या. दोन बुटांत पकड घट्ट असते. पण पडताना एक पाय सुटला आणि दुसरा अडकला तर घोटा पिरगळतो. दोन्ही पाय एकदम सुटायला हवेत, नाहीतर दोन्ही आतच राहायला हवेत.

बूट ओला करूनच घालून पाहा. टाच उचलली तर सैल, बोटं मुडपली तर लहान. पाय जाईना तर साबणाचं पाणी लावा, ओढाताण करून रबर फाडू नका.

बसवताना पहिल्या दिवशी कंपनीने सांगितलेल्या भोकांतच बसवा. शेपटीपासून टाचेपर्यंतचं अंतर टेपने मोजून वहीत लिहा. ही वही पुढे लागणार आहे.

फिन: इथे घाई नको

शेपटीखालचं धातूचं पातं म्हणजे फिन. त्याची तीन मापं असतात: लांबी, खोली आणि शेपटीपासूनचं अंतर. ती व्हर्नियर कॅलिपरने मोजतात, तीही इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत. खोली अडीच इंचांच्या आसपास असते आणि 0.010 इंचाचा फरकसुद्धा पायाला कळतो. लांबी कॅलिपरच्या टोकांनी मोजली की सपाट जबड्यांनी, यावरही आकडा बदलतो. दुसऱ्याचं माप उतरवून घेताना ते आधी विचारा, नाहीतर सगळं मुसळ केरात.

एक माप हलवलं की दुसरंही सरकतं. स्क्रू आवळताना पातं पुन्हा किंचित हलतं. म्हणून आवळून झाल्यावर तिन्ही मापं परत घ्यायची. मी एकदा घाईत हे टाळलं आणि अख्खी सकाळ प्रत्येक वळणाला शेपटी निसटत राहिली. बोट चालवणारा शेवटी म्हणाला, "अहो, फिन तरी मोजली का?"

फिनला आडवा लावलेला छोटा पंख साधारण 7 ते 9 अंशांत कललेला असतो आणि वळणाआधी वेग मोडायचं काम करतो. नियमित कोर्स, म्हणजे पाण्यात तरंगत्या बोयांनी आखलेला मार्ग, करू लागेपर्यंत त्याला हात लावू नका.

नवी स्की किमान आठ-दहा फेऱ्या कंपनीच्या मापांवरच चालवा. मग एकच बदल, एका वेळी, आणि तोही छोटा. वळताना टोक पाण्यात रुतून तुम्ही पुढे फेकले जात असाल तर बाइंडिंग एक भोक मागे घ्या. टोक हवेत राहून वळण लांबतच जात असेल तर एक भोक पुढे. वळणाच्या शेवटी शेपटी घसरत असेल तर फिन थोडी खोल करा, आणि ती अडकल्यासारखी वाटून वळण पुरं होत नसेल तर किंचित उथळ.

मात्र पाना हातात घेण्यापूर्वी कोणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा. टोक हवेत राहण्याचं कारण दहापैकी आठ वेळा फिन नसते, मागच्या पायावर टाकलेला भार असतो. ते फिनने दुरुस्त केलं तर चूक तशीच राहते आणि स्कीही बिघडते.

दोरी आणि हॅन्डल

वेकबोर्डची दोरी जवळजवळ ताणतच नाही. स्लालमची किंचित ताणते आणि झटका गिळते, म्हणून एकीचं काम दुसरीवर भागवू नका. स्लालमच्या दोरीला रंगीत फासे असतात, त्यातला एकेक बोटीला अडकवत दोरी आखूड करत जातात: 18.25 मीटर, मग 16, 14.25, 13, 12, 11.25. रंग लक्षात ठेवायला शाळेतलं 'तानापिहिनिपाजा' पुरतं: तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. फक्त पारवा गाळायचा. शिकताना पूर्ण लांबीची, सुमारे 23 मीटरची दोरी, किंवा तांबडा फासा. बाकीचे तूर्त विसरा.

कोर्स 259 मीटर लांब असतो आणि त्यातले वळसा घालायचे सहा बोये बोट जाते त्या मधल्या रेषेपासून 11.5 मीटरवर असतात. म्हणजे 11.25 च्या दोरीवर दोरी बोयापर्यंत पोचतच नाही. उरलेलं अंतर स्कीअर लांबवलेल्या हाताने आणि पाण्यावर आडव्या केलेल्या अंगाने भरून काढतो.

हॅन्डल हातमोजे घालूनच निवडा, कारण मोज्याने जाडी वाढते. बोटं पूर्ण वळली पाहिजेत. जाड हॅन्डलने मनगटाआधी कोपराजवळचे स्नायू थकतात. दोरीला केसाळ तंतू सुटले की ती बदला, आणि दोरी कधीही हाताला गुंडाळू नका.

पाण्यात उतरण्यापूर्वी

लाइफ जॅकेट पोहता येणाऱ्यालाही हवंच. खांदे धरून वर ओढलं तर ते कानांपर्यंत सरकता कामा नये. बोटीत चालकाखेरीज मागे पाहणारा एक माणूस असावा. वेग वाढव, कमी कर, थांब या हाताच्या खुणा किनाऱ्यावरच ठरवून घ्या. तुम्ही बोटीजवळ असताना इंजिन बंद असावं.

मग फिन आणि बाइंडिंगचे सगळे स्क्रू हाताने तपासा. नव्या स्कीचे स्क्रू पहिल्या दिवसाच्या हादऱ्यांनी सैल होतात, म्हणून संध्याकाळी पुन्हा एकदा पाना फिरवा आणि मापं वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहा.