द्राक्षाच्या देठाचं डायजेशन आणि फ्लास्कच्या तळाचे पांढरे कण

वेलीतली अन्नद्रव्यं मोजायला नाशिककडच्या बागांतून द्राक्षाच्या पानांचे देठ आमच्या लॅबमध्ये येतात. त्यासाठी आधी डायजेशन, म्हणजे देठाची पूड अ‍ॅसिडमध्ये तापवून विरघळवणं. धुऊन, ६५-७० अंश सेल्सिअसला वाळवून दळलेली पूड १ ग्रॅम तोलायची आणि १०० मिलिच्या कोनिकल फ्लास्कमध्ये टाकायची. शेजारी तुलनेसाठी एक ब्लँक, म्हणजे पुडीशिवाय नुसत्या अ‍ॅसिडचा फ्लास्क. या द्रावणात नत्र मोजता येत नाही, कारण आपणच नायट्रिक अ‍ॅसिड ओततो आणि त्यात नत्र असतंच. त्यासाठी केल्डाल (नत्र मोजायची पद्धत) वेगळं लावा.

आधी फक्त नायट्रिक, १० मिलि, आणि रात्रभर तसंच ठेवायचं. ही रात्र मी कधीच वाचवत नाही. सहज जळणारं सगळं नायट्रिकनेच आधी जाळायला हवं. कच्च्या पुडीला तापलेलं परक्लोरिक अ‍ॅसिड भेटलं तर स्फोट होऊ शकतो. सकाळी नायट्रिक-परक्लोरिकचं ९:४ मिश्रण १० मिलि घालून हॉट प्लेट मंद ठेवा. हूड (धूर ओढून घेणारं कपाट) आतून पाण्याने धुता येणाराच हवा. गॉगल, हातमोजे आहेतच.

तपकिरी धूर निघतोय तोवर नायट्रिकचं काम चालू आहे. ते साधारण १२१ अंशाला उडून जातं, मग तापमान परक्लोरिकच्या २०३ अंशांकडे चढतं आणि दाट पांढरा धूर येतो. या मधल्या वेळात जागा सोडू नका. द्रावण काळवंडू लागलं तर फ्लास्क लगेच उतरवा, थंड करा, थोडं नायट्रिक घाला, मग पुन्हा चढवा. पाण्यासारखं स्वच्छ २-३ मिलि उरलं की थांबा. कोरडं कधीच होऊ द्यायचं नाही. सुके परक्लोरेट फुटतात.

थंड झाल्यावर तळाशी पांढरे कण दिसतात. पहिल्या वर्षी मी ते सगळे सिलिका समजून थोड्याशा गार पाण्याने गाळून टाकले. पालाश (पोटॅशियम) कमी आला. सुदैवाने रिपोर्ट गेला नव्हता, नाहीतर शेतकऱ्याने नसती पोटॅशची पोती आणली असती. त्या कणांत पोटॅशियम परक्लोरेट होतं. देठात २.५ टक्के पालाश असेल तर १ ग्रॅममधून ते जवळपास ९० मिलिग्रॅम बनतं. २५ अंशाला १०० मिलि पाण्यात ते सुमारे २ ग्रॅमच विरघळतं, उकळत्या पाण्यात त्याच्या दहापट.

म्हणून फ्लास्क पूर्ण गार झाल्यावर २५ मिलि डिस्टिल्ड वॉटर घाला, उकळीला आणा, व्हॉटमन ४२ फिल्टर पेपरमधून गरमच गाळा आणि कागद तीन-चारदा गरम पाण्याने धुवा. गार झालं की पाणी घालून एकूण १०० मिलि करा. शंका वाटली तर कागद आणखी एकदा धुऊन ते पाणी फ्लेम फोटोमीटरला (ज्योतीच्या प्रकाशावरून पोटॅशियम मोजणारं यंत्र) लावते. काटा ब्लँकच्या वर हलला तर तो नमुना मी पुन्हा घेते.