हत्तीपायाची सूज घरच्या घरी आटोक्यात कशी ठेवायची

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा साइडला हत्तीपायाचे पेशंट अजूनही दिसतात आणि बऱ्याच जणांना कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं की आता यावर काही होत नाही, असंच राहणार. हे अर्धंच खरं आहे. खूप वाढलेला पाय पहिल्यासारखा होत नाही, पण वाढायचा थांबवता येतो आणि सुरुवातीची सूज असेल तर बरीच उतरते पण. त्यासाठी साबण, पाणी, कोरडा कपडा आणि रोजचा थोडा वेळ लागतो, बस.

आधी सूज का येते ते बघू. रक्त बारीक केशवाहिन्यांमधून जाताना त्यातलं पाणी बाहेर पेशींच्या मधे झिरपतं, बरंचसं परत रक्तात जातं पण दिवसाला साधारण ३ लिटर मागे उरतं आणि त्यात प्रोटीन असतं, पेशींचा कचरा असतो, कधी जंतू पण असतात. हे सगळं उचलून न्यायला वेगळ्या नळ्या आहेत, लसिकावाहिन्या. वाटेत जांघेत, काखेत, मानेत लसिका ग्रंथी लागतात, तिथे पांढऱ्या पेशी जंतूंना अडवून मारतात (पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं ते यामुळेच) आणि गाळलेलं पाणी छातीतून वर जाऊन डाव्या कॉलरबोनच्या मागे मोठ्या शिरेत रक्ताला मिळतं. दोन्ही पायांचं पाणी याच वाटेने जातं.

आता मेन गोष्ट, या सिस्टीमला हृदयासारखा पंप नाही. नळ्या स्वतः थोड्या आवळतात, आतल्या झडपा पाणी खाली येऊ देत नाहीत, आणि बाकीचा जोर पोटरीच्या स्नायूंचा आणि श्वासाचा. हत्तीरोगाचे कृमी क्युलेक्स डासातून येतात आणि नेमके याच नळ्यांमधे वर्षानुवर्षं राहतात, नळ्या फुगतात, झडपा निकामी होतात, पाणी साचतं. नंतर कृमी मेले तरी पाय वाढतच राहतो कारण साचलेल्या पाण्यात चिरेतून जंतू शिरतात, थंडी वाजून ताप येतो, पाय लालबुंद होतो, आणि अशा प्रत्येक अटॅकनंतर नळ्या अजून खराब होतात. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की या आजारात पाय धुणं हेच मोठं औषध आहे, ते कुणी सिरियसली घेत नाही याचं खरंच वाईट वाटतं.

धुवायचं असं. पाणी साधं घ्या, गरम नको. साबण पण साधा, आधी हाताला लावून फेस करा आणि गुडघ्यापासून खाली पावलापर्यंत हळूहळू चोळत या, ब्रश किंवा दगड अजिबात नको. कातडीच्या घड्या आणि बोटांच्या बेचक्या यात सगळ्यात जास्त वेळ घालवा, बोट जात नसेल तर मऊ कापडाची पट्टी आत फिरवा. साबण पूर्ण जाईपर्यंत पाणी ओता. मग पुसताना घासायचं नाही, टिपून घ्यायचं, आणि बेचक्या एकदम कोरड्या झाल्या पाहिजेत. रोवणीच्या दिवसात दिवसभर चिखलात उभं राहून चिखल्या होतात आणि जंतूंना आत शिरायची वाट तिथूनच मिळते, म्हणून चिखल्या दिसल्या की डॉक्टरांनी दिलेली बुरशीची क्रीम लगेच सुरू करा. नखं कापताना कातडी कापू नका. चप्पल सैल पण पट्ट्याची, अनवाणी नको. टब, मग, टॉवेल, क्रीम असं किट सरकारी दवाखान्यातून पेशंटला देतात, आशाताईंना विचारा.

पाणी वर सरकवायला बसताना पाय समोरच्या खुर्चीवर किंवा स्टुलावर ठेवा, झोपताना पायाखाली उशी घ्या (हार्टचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा). भिंतीला धरून टाचा वर-खाली करा, बसल्या बसल्या घोटा गोल फिरवा, मधूनमधून पोटातून खोल श्वास घ्या. दुखेपर्यंत करायचं नाही, थोडं थोडं पण दिवसातून बऱ्याचदा. गरम तेलाची जोरात मालिश, लेप, डाग देणं हे सगळं बंद, त्याने कातडी फुटते. लघवीच्या गोळ्यांनी पण ही सूज जात नाही कारण प्रोटीन तिथेच राहतं आणि पाणी परत ओढतं.

थंडी-तापाचा असा अटॅक आला की व्यायाम थांबवा, पाय वर घेऊन पडून रहा, थंड पाण्याचा कपडा ठेवा, भरपूर पाणी प्या आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा कारण बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागतं.

आणि हत्तीरोगाच्या मोहिमेत गोळ्या वाटायला येतात त्या घरातल्या सगळ्यांनी समोरच खायच्या, काही जेवून मग. २ वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि गंभीर आजारी माणसं सोडून. नंतर कुणाला डोकं दुखलं, थोडा ताप आला तर ते बहुतेक वेळा रक्तातले बारीक कृमी मरत असल्यामुळे होतं आणि एक-दोन दिवसात उतरतं, जास्त त्रास झाला तर गोळ्या देणाऱ्या ताईंनाच लगेच कळवा.