ड्रायवॉलवर स्टुकोसारखा पोत कसा आणावा

खरा स्टुको म्हणजे सिमेंट किंवा चुना, वाळू आणि पाणी यांचा गिलावा. तो जड असतो, ओला असतो आणि त्याला धरून ठेवायला खरखरीत, भक्कम पाया लागतो. ड्रायवॉल म्हणजे दोन कागदांच्या मध्ये जिप्सम भरलेले भिंतीचे बोर्ड. त्या कागदावर थेट गिलावा थापला तर कागद पाणी पिऊन फुगतो आणि पुढे थर सुटायला लागतो. म्हणून खोलीच्या आत स्टुकोचं फक्त रूप आणायचं, आणि तेही जॉइंट कंपाउंडने. बोर्डांचे सांधे भरायला डब्यात तयार मिळतं तेच. मात्र जिथे पाणी थेट भिंतीवर उडतं, तिथे हे काम करू नका.

एक इशारा सुरुवातीलाच. इमारत जुनी असेल आणि भिंतीवर आधीचा खरखरीत पोत असेल, तर तो तपासून घेतल्याशिवाय घासू किंवा खरवडू नका. पूर्वीच्या अशा लेपांमध्ये ॲस्बेस्टॉस मिसळलेलं असायचं, आणि त्याची धूळ श्वासातून आत जाणं धोक्याचं असतं.

आता भिंतीची तयारी. वीज मेनमधून बंद करून स्विचच्या प्लेट काढा, उघड्या जागा टेपने झाका, जमिनीवर प्लॅस्टिक पसरा. स्क्रूचे खड्डे बुजवा आणि सांधे टेप लावून भरून घ्या. वर पोत येणार म्हणून सांधे कच्चे सोडले तर तडे त्या पोतातूनही वर येतात. भिंतीला चकचकीत रंग असेल तर 120 नंबरच्या पॉलिश पेपरने त्याची चमक घालवा आणि धूळ पुसा.

मग प्रायमर. एकदा घाईत मी तो गाळला होता. कोरा कागद कंपाउंडमधलं पाणी शोषत गेला. थापीचा एक हात संपेपर्यंत आधीचा सुकलेला असायचा आणि त्याच्यावरून थापी फिरवली की लेप ओरखडून निघायचा. अर्धी भिंत खरवडून पुन्हा करावी लागली. प्रायमरचा एक हात द्या आणि तो पूर्ण वाळू द्या.

कंपाउंडमध्ये पाणी थोडं थोडं घालत, गुठळ्या मोडेपर्यंत ढवळा. थापीवर गोळा घेऊन थापी तिरकी करा. तो सावकाश घसरला पाहिजे. ओघळला तर पाणी जास्त झालं, चिकटून बसला तर कमी.

भिंतीला हात लावण्याआधी टाकाऊ बोर्डाच्या तुकड्यावर सराव करा. इथे घालवलेला अर्धा तास पुढे भिंतीवर दिसतो. हात बसला की खोलीतल्या कमी नजरेत येणाऱ्या कोपऱ्यातून सुरुवात करा. थर दोन-तीन मिलिमीटरचाच ठेवा. त्याहून जाड थर वाळताना आक्रसतो आणि तडकतो. थापीची पुढची कड किंचित उचलून लहान लहान अर्धवर्तुळं काढा. दिशा दरवेळी बदला आणि कुठे कुठे खालचा पृष्ठभाग उघडा राहू द्या. एकाच दिशेने मारलेले हात लांबूनही रांगेत उभे दिसतात. एका वेळी साधारण मीटरभर लांब-रुंद भाग घ्या आणि पुढचा भाग आधीच्या ओल्या कडेत मिसळा, नाहीतर जोड उमटतो.

आता थांबायचं. सगळं काम या थांबण्यावर आहे. ताज्या लेपावर पाण्याची चकाकी असते. हवेतल्या दमटपणाप्रमाणे दहा-पंधरा मिनिटांत, कधी त्याहून उशिरा, ती मावळते आणि लेप निस्तेज दिसू लागतो. बोट हलकेच टेकवून पाहा. ठसा उमटला पण बोटाला काही लागलं नाही, की वेळ झाली. रुंद पत्रा, म्हणजे लेप सपाट करायची पातळ पट्टी, भिंतीला जवळजवळ टेकवून, दाब न देता उंचवट्यांवरून फिरवा. टोकं चपटी होतात आणि मधल्या खळग्या तशाच राहतात. हाच तो स्टुकोचा पोत. लवकर फिरवला तर सगळा पोत पुसला जातो, उशीर केला तर टोकं तुटून भुगा पडतो. पत्रा दरवेळी ओल्या फडक्याने पुसा, कारण त्यावर वाळलेला एक कण अख्ख्या पट्ट्यावर रेघ ओढतो.

किमान 24 तास वाळू द्या. ओला भाग करडा दिसतो, तो सगळीकडे एकसारखा फिका झाला पाहिजे. मग भिंतीलगत बाजूने दिवा धरा. हाताला टोचणारी टोकं सावल्यांवरून लगेच सापडतात. तेवढीच घासा, आणि मास्क लावूनच.

पुन्हा प्रायमर द्या, नाहीतर रंग डागाडागाने बसतो. रंगासाठी जाड केसांचा रोलर घ्या. एकदा उभा आणि एकदा आडवा फिरवला की खळग्यांच्या तळापर्यंत रंग पोचतो. मॅट रंग या पोताला शोभतो, कारण चकचकीत रंगात थापीची प्रत्येक चूक उठून दिसते.

सरावाचा तुकडा टाकून देऊ नका. पुढे कधी भिंतीवरचा खड्डा बुजवायची वेळ आली, तर तोच समोर ठेवून हात पुन्हा बसवून घ्यावा लागेल.