रायफल घेऊन शिकारीला परदेशी जाताना: अमेरिकेतून दक्षिण आफ्रिका आणि कॅनडा

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा प्रश्न निकालात काढला. त्यामुळे हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या, तिथे हरणाच्या मोसमात रायफल घेऊन रानात जाणाऱ्या आणि आता आफ्रिकेचा किंवा कॅनडाचा बेत आखणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. रायफल तीच, मालक तोच, पण वाटेत कायदा चारदा बदलतो: तुमचं राज्य, अमेरिकेचं केंद्र सरकार, विमान जिथे बदलायचं तो देश आणि शिकारीचा देश. फजिती बहुधा शेवटच्या मुक्कामी होत नाही. ती होते कागदावरच्या एखाद्या चुकीच्या आकड्याने किंवा मधल्याच विमानतळावर.

सगळ्यात आधी तुमचा व्हिसा

नागरिक असाल किंवा ग्रीनकार्ड असेल तर हा भाग सोडून पुढे जा. एच-१बी, एल-१ वगैरे व्हिसावर असाल तर थांबा. अशा व्यक्तीने अमेरिकेत बंदूक बाळगणं मुळात केंद्रीय कायद्याने मना आहे. त्यातली नेहमीची पळवाट, म्हणजे कायद्यानेच ठेवलेली सूट, ही की तुमच्याकडे कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स हवं. 'चालू' हा शब्द महत्त्वाचा. बऱ्याच राज्यांत हे लायसन्स वर्षाचं असतं आणि त्याचं वर्ष डिसेंबरलाच संपतं असं नाही. मुदत उलटली की कपाटातली रायफल त्या दिवसापासून बेकायदा ठरते, मग तुम्ही तिला हात लावा अथवा लावू नका.

बंदूक देशाबाहेर नेण्याची सवलत तर याहून अरुंद आहे. सामानातून शस्त्र तात्पुरतं बाहेर नेण्याची जी सोपी सूट आहे ती नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांनाच मिळते. व्हिसावरच्या माणसाला इथे विकत घेतलेली रायफल नेण्यासाठी निर्यात परवाना लागेल, आणि परत आणण्यासाठी एटीएफचा (बंदुकांवर देखरेख करणारं अमेरिकी केंद्रीय खातं) फॉर्म ६ एनआयए, म्हणजे व्हिसावरच्यांसाठीचा आयात अर्ज, आधी मंजूर करून घ्यावा लागेल. एका आठवड्याच्या शिकारीसाठी एवढा व्याप कशाला? तिथल्या आउटफिटरकडून, म्हणजे शिकारीची व्यवस्था करणाऱ्याकडून, रायफल भाड्याने घ्या. दक्षिण आफ्रिकेत ही सोय सर्रास असते. कॅनडात परवानाधारक माणूस जातीने शेजारी उभा राहून देखरेख करणार असेल तर त्याची रायफल वापरता येते. नाहीतर परदेशी पाहुण्यांसाठी तात्पुरत्या उसनवारीचं लायसन्स काढावं लागतं.

अमेरिकेतून निघताना

९ मार्च २०२० पासून साध्या शिकारी रायफलींच्या निर्यातीचे नियम परराष्ट्र खात्याकडून वाणिज्य खात्याकडे गेले. सामानाच्या सुटीखाली माणशी तीन रायफली आणि १,००० काडतुसं नेता येतात. अट अशी, की ती तुमच्याबरोबरच्या सामानात हवीत, पोस्टाने किंवा कुरियरने नव्हे, आणि बंदुका परत आणायच्या आहेत. सायलेन्सर या सुटीत बसत नाही. थर्मल किंवा नाइट व्हिजन दुर्बीण चढवलेली असेल तर ती उतरवून घरी ठेवा. तिचे निर्यातनियम वेगळे आणि बरेच कडक आहेत.

या सगळ्याचा कणा म्हणजे सीबीपी, अर्थात अमेरिकी कस्टम्स खात्याचा, फॉर्म ४४५७. कागद एकच पानाचा, फुकट मिळणारा, पण तोच जाताना नोंद, परदेशात मालकीचा पुरावा आणि परतताना 'ही बंदूक इथलीच' असं सांगणारा दाखला. तो घरी भरून चालत नाही. कस्टम्सच्या कार्यालयात रायफल प्रत्यक्ष दाखवायची, अधिकारी नंबर ताडून सही-शिक्का देतो. प्रवासाच्या दिवशी विमानतळावर हे करण्याच्या भानगडीत पडू नका; दोन-तीन आठवडे आधी कार्यालयाला फोन करून वेळ ठरवा. रायफल रिकामी, बोल्ट (गोळी नळीत चढवणारा सरकता दांडा) काढलेला, कुलूपबंद पेटीत न्या. काडतुसं घरीच ठेवा. सरकारी इमारतीत थेट पेटी घेऊन शिरू नका. आधी आत जाऊन विचारा, की पेटी कुठे उघडायची.

फॉर्म भरताना कंपनी, मॉडेल, कॅलिबर (काडतुसाचं माप) आणि नंबर रायफलीवर कोरलंय तसंच्या तसं उतरवा. चुका इथेच होतात. शून्याच्या जागी इंग्रजी ओ, एकच्या जागी आय, किंवा सुरुवातीचं अक्षरच गाळलेलं. नळी बदललेली रायफल असेल तर नळीवरचं कॅलिबर आणि फॉर्मवरचं कॅलिबर एकच आहे ना, ते पाहा. दुसरी गोची काडतुसांच्या खोक्यावर असते. फॉर्मवर .३०८ विंचेस्टर आणि खोक्यावर ७.६२ बाय ५१ असेल, तर जाणकाराला ते भाऊबंद वाटतील, पण परदेशी पोलिसाला ती दोन वेगळी कॅलिबरं दिसतात. काडतुसाच्या बुडावरचा छाप आणि फॉर्म जुळेल अशीच काडतुसं घ्या. महागडी दुर्बीणही याच फॉर्मवर तिच्या नंबरासकट लिहून घ्या, म्हणजे परतताना तिच्यावर ड्यूटीचा प्रश्न येत नाही. उरलेल्या रिकाम्या ओळींवर काट मारून घ्या.

आणि फॉर्मवर छापलेली ती मुदतीची तारीख. ती छापील नमुन्याच्या सरकारी मंजुरीची असते, तुमच्या नोंदीची नव्हे. पण परदेशी काउंटरवर ती 'परवाना संपला' अशी वाचली गेल्याचे प्रकार झाले आहेत. वाद घालून उपयोग नसतो. शिकारीच्या तारखांपुढची मुदत असलेला ताजा नमुना घेऊन नवीन फॉर्म करून घेणं शहाणपणाचं.

विमानाचं गणित

पेटी कडक कवचाची आणि कुलूप लावल्यावर कोपऱ्यातून बोटभरही न उचकटणारी हवी. कुलपासाठी जितकी भोकं असतील तितकी कुलपं लावा. किल्ली तुमच्याकडेच राहते. चेक-इन काउंटरवर स्वतः होऊन सांगायचं: रिकामी रायफल आहे. बोल्ट हातातल्या बॅगेत टाकून नेण्याची काहींना सवय असते, ती मोडा. बंदुकीचे भाग केबिनमध्ये चालत नाहीत. नुसती दुर्बीण चालते.

काडतुसांवर आंतरराष्ट्रीय विमानसेवेत माणशी ५ किलोची मर्यादा असते, तीही खोक्यांच्या वजनासकट. १८० ग्रेन वजनाच्या गोळीचं .३०-०६ कॅलिबरचं एक काडतूस साधारण २७-२८ ग्रॅम भरतं, म्हणजे वीसचं खोकं खोक्याच्या वजनासकट पाऊणेसहाशे-सहाशे ग्रॅम. आठ खोकी घेतली की काटा ५ किलोला टेकतो. .३७५ एच अँड एच असेल तर पाच खोक्यांतच कोटा संपतो. त्यामुळे दक्षिण आफ्रिका प्रत्येक बंदुकीमागे २०० काडतुसं नेऊ देते हे खरं असलं तरी विमान तुम्हाला तिथवर पोचूच देत नाही. आठवडाभराच्या शिकारीला साठ पुरतात. दोघं मिळून जात असाल तर दोघांचा कोटा एका पेटीत भरू नका, तशी बेरीज चालत नाही. अमेरिकेतल्या अंतर्गत विमानात काडतुसं रायफलीच्याच पेटीत चालतात, पण पुढच्या प्रवासासाठी ती वेगळ्या, कुलूप लागणाऱ्या छोट्या डब्यात ठेवा.

मधला मुक्काम

तिकीट एकाच बुकिंगवर काढा आणि पेटी थेट शेवटच्या विमानतळापर्यंत टॅग झाली आहे ना, ते काउंटर सोडण्याआधी चिठ्ठीवर वाचा. दोन वेगळी तिकिटं काढून दोन-तीनशे डॉलर वाचवले आणि लंडनला पेटी पट्ट्यावरून उचलावी लागली, तर तुम्ही ब्रिटनमध्ये शस्त्र आणलं असा अर्थ होतो. त्यासाठी तिथल्या यजमानाने पोलिसांकडून आधी काढलेला पाहुण्याचा परवाना लागतो. ऍमस्टरडॅमला तर पेटी विमानतळाबाहेर जात नसली तरी डच कस्टम्सची संमती आधी हवी. आखाती विमान कंपन्यांची मंजुरीही आगाऊच घ्यायची असते. न्यूयॉर्क किंवा न्यूआर्कहून सुटणारं विमान शक्यतो टाळा.

का, ते २००५ सालच्या एका प्रकरणावरून कळेल. युटाहून पेनसिल्व्हेनियाला निघालेल्या प्रवाशाचं न्यूआर्कला पुढचं विमान चुकलं. नियमाप्रमाणे जाहीर केलेलं पिस्तूल असलेली बॅग त्याच्या हाती आली, ती घेऊन तो रात्री हॉटेलात राहिला, सकाळी परत काउंटरवर येऊन प्रामाणिकपणे 'बंदूक आहे' म्हणाला आणि न्यू जर्सीच्या कायद्याखाली अटकेत गेला. आरोप पुढे मागे घेतले, पण त्याने भरपाईसाठी लावलेला दावा २०१० मध्ये केंद्रीय अपील न्यायालयातही टिकला नाही. राज्याराज्यांतून सुरक्षित वाट देणारा केंद्रीय कायदा बंदूक हाताला लागणार नाही अशी ठेवलेली असताना लागू होतो. ती हॉटेलच्या खोलीत आली की ते कवच गळतं. तेव्हा अशा शहरात विमान चुकलं आणि कर्मचारी पेटी देऊ लागला तर घेऊ नका. रात्रभर विमान कंपनीच्याच ताब्यात ठेवायला सांगा.

जोहान्सबर्गला

ओ. आर. टाम्बो विमानतळावर रायफल इतर सामानाबरोबर पट्ट्यावर येत नाही. ती पोलिसांच्या बंदूक-कक्षात जाते आणि तिथेच तुमचा तात्पुरता आयात परवाना होतो. अर्जाचा फॉर्म एसएपीएस (दक्षिण आफ्रिकी पोलीस) ५२०. काळ्या शाईने भरा, सही मात्र घरी करू नका; ती अधिकाऱ्यासमोरच करायची. सोबत पासपोर्टची प्रत, परतीचं तिकीट, शिक्का असलेला ४४५७, आउटफिटरचं निमंत्रणपत्र आणि रायफल कशासाठी आणली हे सांगणारं तुमचं चार ओळींचं पत्र. प्रत्येकाच्या दोन प्रती ठेवा. एका कॅलिबरची एकच बंदूक चालते. काडतुसं त्याच कॅलिबरची हवीत. सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे प्रत्येक बारानंतर पुढची गोळी आपोआप चढवणारी, आणू नका. मित्राची रायफल नेण्याचा विचारही नको, फॉर्मवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव एकच लागतं.

पुढचं देशांतर्गत विमान धरायचं असेल तर मध्ये किमान चार तास ठेवा. त्याच वेळी दोन-तीन विमानं भरून शिकारी उतरले की रांग लांबते. परवाना हातात पडला की तिथेच नंबर ताडून पाहा. परतताना पोलीस हाच कागद आणि हीच रायफल जुळवतात.

कॅनडाला

इथे काम सोपं. आरसीएमपी (कॅनडाचं केंद्रीय पोलीस दल) ५५८९ हा जाहीरनामा तीन प्रतींत भरायचा, सही सीमेवरच्या अधिकाऱ्यापुढे, फी २५ कॅनेडियन डॉलर. तो ६० दिवस चालतो आणि तेवढ्या काळापुरतं तुमचं लायसन्सही तोच. शिकारीसाठी २०० काडतुसांवर ड्यूटी लागत नाही. साधी बोल्ट-ऍक्शन असेल तर अडचण नाही. मे २०२० पासून कॅनडाने अनेक सेमी-ऑटोमॅटिक मॉडेलं बाद केली आणि यादी नंतरही वाढवली. अमेरिकेत शेतावर सर्रास दिसणारी रूगर मिनी-१४ त्यात आहे. अस्वलाची भीती म्हणून कमरेला पिस्तूल लावून सीमेवर जाण्याची चूक अलास्काला गाडीने जाणारे अजूनही करतात. ते जप्त होतं आणि वर गुन्हा.

दारू पिऊन गाडी चालवल्याची जुनी शिक्षा असेल तर रायफलीचा प्रश्न येण्याआधीच तुम्हाला परत पाठवू शकतात. हे आधी निस्तरा.

परत येताना

अमेरिकेत उतरल्यावर रायफल जाहीर करा, ४४५७ दाखवा, झालं. परदेशात विकत घेतलेली काडतुसं मात्र आणू नका, त्यांना वेगळी आयात परवानगी लागते. उरलेली तिथेच आउटफिटरला देण्याआधी त्याच्याकडे त्या कॅलिबरचा परवाना आहे का ते विचारा.

आफ्रिकेहून येता येता मुंबईला आईवडिलांना भेटून येऊ, असा मोह पुष्कळांना होतो. रायफल घेऊन तर अजिबात नाही. ती कोणाबरोबर परत पाठवू म्हणाल, तर तेही जमत नाही, कारण कागद तुमच्या नावाचे. आणि रायफल नसली तरी शिकारीत वापरलेली पाठपिशवी, जाकीट, बूट मुंबईच्या विमानात नेऊ नका. शिवणीत अडकलेलं एकच जिवंत काडतूस क्ष-किरण यंत्रात दिसलं की शस्त्र कायद्याच्या कलम २५ खाली गुन्हा नोंदला जाऊ शकतो. जाणीवपूर्वक बाळगलेलं नव्हतं म्हणून असे खटले उच्च न्यायालयांनी रद्द केले आहेत, पण तोवर विमान गेलेलं असतं आणि वकील लागलेला असतो. नेणं भागच असेल तर पिशवीचा प्रत्येक कप्पा उलटा करून झटका, अस्तराखाली बोटं फिरवा, रिकामी पुंगळीसुद्धा राहू देऊ नका.