गिनी कोंबड्यांना खुराड्यातच अंडी घालायला लावायचं तर

गिनी कोंबडीला अंड्यासाठी आडोसा लागतो. मोकळी असली की ती उंच गवतात नाहीतर झुडपाखाली जमिनीवर जागा उकरते आणि बरेचदा चार-पाच माद्या त्याच जागी अंडी घालतात. त्यामुळे साध्या कोंबड्यांसाठीचे भिंतीवर टांगलेले खोके इथे सहसा रिकामे राहतात.

खुराड्याच्या सर्वांत अंधाऱ्या, वर्दळीपासून दूरच्या कोपऱ्यात प्लायवूडची एक फळी भिंतीला तिरकी टेकवा. फळी घसरणार नाही अशी पक्की करा. आतल्या बोळात पाठीला न घासता मादीला वळता आलं पाहिजे आणि दोन्ही टोकं उघडी हवीत. एकच तोंड असलं तर दांडगी मादी ते अडवते. आत वीतभर कोरडं गवत टाका, मधे खळगा करा आणि दोन-तीन खोटी अंडी ठेवा.

खरी मेख आहे ती सोडण्याच्या वेळेत. या माद्या बहुधा सकाळी उशिरा ते दुपारपर्यंत अंडी घालतात. सकाळीच दार उघडलं की अंडं बाहेर गेलंच म्हणून समजा. विणीच्या हंगामात दुपारी दोन-तीनपर्यंत आत ठेवा. तेवढा वेळ कोंडायचं तर जागा ऐसपैस हवी, पाणी भरपूर हवं. गर्दी झाली की नर माद्यांना पळवत राहतात, म्हणून चार-पाच माद्यांमागे एकच नर पुरे.

अंडी साधारण सहा-सात महिन्यांच्या वयात, दिवस मोठे होऊ लागल्यावर सुरू होतात. प्रकाश एकूण 14 तासांवर न्यायचा असेल तर दिवा पहाटे लावा. रात्री तो एकदम बंद झाला तर पक्षी दांडीवर चढण्याआधीच अंधारात सापडतात, बिथरतात आणि एकमेकांवर कोसळतात. खाद्य लेयरचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं द्या, शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा.

अंडी रोज दुपारनंतर उचला, पण घरटं पूर्ण रिकामं करू नका, नाहीतर माद्या जागा बदलतात. चार-पाच अंड्यांवर पेन्सिलने खूण करून तीच राहू द्या. उन्हाळ्यात ही खुणेची अंडी खोटीच असलेली बरी, खरी नासतात. मादी खुडूक बसली, म्हणजे उबवायला अंड्यांवर ठाण मांडून बसली, तर तिला वेगळी काढा, कारण ती इतरांना घरट्यात येऊ देत नाही.

आतली अंडी अचानक कमी झाली तर आधी गवत उलटून गोचीड-पिसवा पाहा, मग बाहेर शोधा. एखादा नर दुपारी एकाच झुडपापाशी रेंगाळत असेल तर घरटं तिथेच असणार. तिथली सगळी अंडी काढा, जागा साफ करा आणि आठवडाभर कळप दिवसभर आतच ठेवा.